झोपलेल्या बाळाचा व्हिडिओ

शहरातल्या डॉक्टरांकडून पडद्यावरच मुलं तपासून घ्यायची योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, हे तपासनीस बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. बाई स्वतः मुलांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. काम एवढंच, की मागच्या खुर्चीत तोंडाला कुलूप घालून बसायचं आणि बघायचं. मधे बोललं की तपासणी बाद.

आरोग्यकेंद्रातल्या नर्सताई मोठ्या हौशी. रडकं पोर समोर आलं की डॉक्टरांना धड काही दिसत नाही, म्हणून त्यांनी आपली एक शक्कल काढली होती. तापाचं औषध पाजायचं, बाळ निजलं की त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तो आधीच पाठवून द्यायचा. डॉक्टरही खूश, आयाही खूश.

आज एक दात येऊ घातलेला मुलगा होता. व्हिडिओ सकाळचा, आणि आता दुपार कलली होती.

"श्वास छान चाललाय," पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले. "साधी सर्दी आहे. हेच औषध चालू ठेवा."

"ऐकलंत? उगाच जीव टांगणीला लावून घेतला होतात," नर्सताई आईला म्हणाल्या.

उकडतंय म्हणून आईनं पोराचं झबलं वर केलं होतं. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. खुर्चीतून ते दिसलं आणि बाईंनी ओळखलं, पोराला श्वास घेणं जड जातंय. नियम गेला चुलीत.

"डॉक्टर, तुम्ही बघताय ते सकाळचं आहे," त्या उठल्या. "ताई, कॅमेरा याच्या छातीवर धरा."

डॉक्टरांचा आवाजच बदलला. "आधी ऑक्सिजन लावा. आणि ॲम्ब्युलन्स बोलवा."

नर्सताईंनी ऑक्सिजनची नळी नीट लावली. मग त्या हळूच म्हणाल्या, "चूक माझी आहे, मॅडम. पण हे बंद करू नका. आधी इथं विचारायलासुद्धा कुणी नव्हतं."

बाईंना ते पटत होतं. राग कुणावर काढावा तेच कळेना.

ॲम्ब्युलन्समध्ये चढता चढता आई वळली. "मॅडम, माझ्या जावेची पोरगीपण खोकतेय. उद्या पाठवते तिला. तुम्ही असाल ना?"

"मी आजच्यापुरतीच आले होते. या ताई असतील, आणि पडद्यावर डॉक्टर."

आईनं नर्सताईंकडे एकवार पाहिलं.

"मग नको," ती म्हणाली. "घरीच बघू आम्ही."