लिनोराचा सोळावा शब्द

सनीव्हेलमध्ये मर्ल ओकडेनच्या गॅरेजातला कॉम्प्युटर चौदा आठवडे कुणी बंद केला नव्हता. त्याला ऐकायला शिकवणारं कार्ड बसवलेलं, अगदी स्वस्तातलं. सोळा शब्द ओळखायचं, तेही ज्याने शिकवले त्याच्याच आवाजात. शिकवले होते मर्लच्या बायकोने, लिनोराने. एकेक शब्द तीनतीनदा. तिने "दिवा" म्हटलं की टेबलावरचा दिवा लागे, "थांब" म्हटलं की विझे. मर्ल घसा फुटेस्तोवर ओरडला तरी यंत्र ढिम्म. शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन मात्र एकदा कॉम्प्युटरला लिनोरा वाटलं आणि दिवा दुपारभर डोळे मिचकावत बसला. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्याला विचारा, अजून फुगलेला आहे.

फेब्रुवारीत लिनोरा गेली. मर्ल रडला नाही. शेजारणींनी दिलेलं खाल्लं, भांडी धुऊन परत केली. त्या काळी प्रोग्रॅम कॅसेटवर साठवत; घरात दोनशे कॅसेटी, सगळ्यांवर तीच किरकिर. माइक हाताशी असून तिचं बोलणं कुणी टेप केलं नव्हतं. उरले ते मेमरीतले सोळा शब्द, नुसते आकडे. ऐकू येत नव्हते. कॅसेटवर उतरवायला जावं तर यंत्र दर वेळी चूक दाखवी. वीज गेली की तेही गेले.

बुधवारी त्याचा कॉम्प्युटरवेड्यांचा क्लब हे ऐकणारं यंत्र बघायला त्याच्याकडे जमणार होता.

"लेका, तुझ्या आवाजात शिकव," मित्र व्हर्जिल म्हणाला.

"जुने पुसून?"

"जागाच सोळांची. बाकीचे काय खिशात ठेवणार?"

मर्लने पंधरा शिकवले. उरला सोळावा, "थांब". तो कॉफी करायला उठला आणि परत बसलाच नाही.

बुधवारी पंचवीस जण, दोन खोकी डोनट. मर्ल म्हणाला, "दिवा." लागला. टाळ्या!

"थांब."

दिवा तसाच.

"घ्या, बग सापडला!" व्हर्जिल वाकला. "सरक, प्लगच उपटतो."

मर्लने प्लगवर पाय ठेवला.

"राहू दे."

"अरे, बंद करून चालू करू की—"

"राहू दे, व्हर्जिल."

व्हर्जिलने त्याच्याकडे पाहिलं, मग डोनट उचलला.

सगळे गेल्यावर मर्ल पुन्हा एकदा हळूच म्हणाला, "थांब."

दिवा जळत राहिला.

"बरं," मर्ल म्हणाला आणि रिकामी खोकी दुमडू लागला.