फ्लॅटला न चालणारी कुत्री

लेक चक्क तक्ता करून घेऊन आली होती. डाव्या बाजूला कुत्र्यांच्या जाती आणि वर रकाने: भुंकणं, केस गळणं, फिरवायला लागणारा वेळ, जिने चढायची ताकद. तिचा स्वभावच तसा. ही आंघोळीलासुद्धा यादी करून जाईल, असं तिचे वडील होते तेव्हा म्हणायचे.

"भुंकणाऱ्या सगळ्या जाती काढून टाकल्यात," लेक म्हणाली. "चौथा मजला, पातळ भिंती, आणि खालचे आधीच तुझ्यावर खार खाऊन आहेत. पग, नाहीतर शिट्झू. ग्रेहाउंडही चालेल, दिसायला लांबलचक, पण दिवसभर लोळत पडतो म्हणे. शांत पाहिजे, बस्स."

"शांत पाहिजे," आई म्हणाली. "पग, शिट्झू, नाहीतर ग्रेहाउंड."

लेक हसली. "तुझी ती एक्स्चेंजची सवय काही जायची नाही."

आईने एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली होती. बोर्डासमोरच्या चौथ्या खुर्चीवर बसायची म्हणून तिचं नावच 'चार नंबर' पडलं होतं. भलेभले सर्जन, जे बायकोचा वाढदिवस विसरायचे, ते चार नंबरचा आवाज बरोबर ओळखायचे. पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य बाईंनी, ज्यांच्यापुढे सगळ्या चळाचळा कापत, तिला बजावलं होतं, "'ऐकू आलं नाही' हे वाक्य या खोलीत उच्चारायचं नाही. जेवढं ऐकलंस तेवढं परत म्हणायचं. चुकलं असेल तर समोरचा दुरुस्त करील." चार नंबरने ते इतकं अंगी बाणवलं की घरातही नवरा "चहा टाक" म्हणाला की ही आधी "चहा टाकते" म्हणायची आणि मगच उठायची.

आता त्याच सवयीवर तिचं सगळं निभावत होतं. कारण तिला ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरी नव्हे. ढोलासारखं काही जवळून वाजलं तर छातीत कळायचं. पण माणसाचं बोलणं गेलं होतं, दाराची घंटा गेली होती. गुपचूप कानाचं यंत्रही घेऊन पाहिलं. त्यातून आवाज ढिगाने आला, शब्द मात्र एकही आला नाही, मग ते मोज्यांच्या खणात गेलं. ती ओठ वाचायची, उरलेलं अंदाजाने भरायची आणि समोरच्याला परत म्हणून दाखवायची. चुकलं तर लोक दुरुस्त करायचे. फोनवर बोलणं तिने बंदच केलं होतं, सगळं लिहून कळवायची. चार वर्षं व्हायला आली, पण ताकास तूर लागू दिली नव्हती. एकतीस वर्षं शहराचं ऐकलेली बाई बहिरी झाली, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

नुसती लाज असती तर एक वेळ चाललं असतं. पण त्या लपवालपवीत एक गोष्ट घडून गेली होती आणि ती तिला रोज खात होती.

कान जायला लागले त्या पहिल्या वर्षी एका दुपारी लेकीचा फोन आला. आवाज खूप बारीक, मध्येच तुटणारा. आईला एक अक्षर कळलं नाही. परत म्हणून दाखवायला हातात काहीच नव्हतं, म्हणून तिने आपलं "छान, छान, मग बोलू" म्हणून फोन ठेवला. पंधरा दिवसांनी जावयाच्या दोन ओळी आल्या. ती आता बरी आहे, बाळ राहिलं नाही पण ती बरी आहे. सहावा महिना होता. आई तशीच निघाली, आठवडाभर लेकीजवळ राहिली, तिचे केस विंचरले, तिला भरवलं. पण त्या फोनबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. लेकीनेही काढला नाही. तेव्हापासून लेक वेळेवर यायची, औषधं आणायची, सगळं करायची, पण मनातलं काही सांगायची नाही. आईला कारण ठाऊक होतं आणि ती मूग गिळून बसली होती.

मग मागच्या महिन्यात न्हाणीघरातला नळ वाहता राहिला. ही बाहेरच्या खोलीत विणत बसलेली. खालच्यांच्या छतातून पाणी गळलं, त्यांनी वर येऊन दार बडवलं, शेवटी किल्लीवाल्याला आणून दार उघडलं, तेव्हा हिला कळलं. हिने विसरले म्हणून सांगितलं. लेक म्हणाली, विसरायला लागली आहेस तर एकटी राहायचं नाही, माझ्याकडे चल, खोली तयार आहे.

लेकीच्या घरात माणसं या खोलीतून त्या खोलीत ओरडून बोलत. तिथे हिचं बिंग दिवसभरही टिकलं नसतं. आणि हे दोन खोल्यांचं घर तर तिच्या जिवाचा तुकडा होतं. इथल्या कुठल्या फरशीवर पाय पडला की कपाट थरथरतं हे तिला माहीत होतं. तिने खूप विनवण्या केल्या, तेव्हा लेक एवढंच म्हणाली की कुत्रं पाळ. दिवसातून दोनदा खाली उतरशील, चार माणसांच्या नजरेला पडशील. तीन महिने नीट गेले तर राहा, नाहीतर मी सामान बांधायला येईन. म्हणून हा तक्ता.

कुत्र्यांच्या निवाऱ्यात पाऊल टाकताच लेकीने दोन्ही हात कानांवर ठेवले. ते पाहून क्षणभराने आईनेही ठेवले. पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या आणि जाळीमागे सगळी तोंडं उघडझाप करत होती. तिला पायाखालून एक बारीक थरथर तेवढी जाणवली.

निवाऱ्याचा रखवालदार साठीचा, भला माणूस होता, पण त्याच्या मिशा वरच्या ओठावरून खाली ओघळल्या होत्या. आईने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. असा मिशाळ माणूस म्हणजे तिच्यासाठी बंद पुस्तक. ती त्याच्याकडे बघून हसत राहिली आणि लेकीच्या तोंडावरून अंदाज घेत राहिली.

पग म्हातारा होता आणि झोपला होता. त्याच्या जाळीवर रखवालदाराने किल्ल्या आपटल्या तरी त्याने डोळा उघडला नाही. लेक खूश झाली. तक्त्यातलं उत्तर समोर झोपलेलं होतं. आईने मात्र मनात म्हटलं, हा आणि मी, नळ वाहतोय आणि दोघंही मख्ख.

रांगेच्या टोकाला एक तपकिरी कुत्री बसली होती. कुठल्याच जातीची नव्हे, किंवा चार-पाच जातींची एकदम. ती भुंकत नव्हती. एकाएकी तिचे कान उभे राहिले, ती उठली, जाळीतून नाक काढून रखवालदाराच्या गुडघ्याला ढोसलं, कचेरीच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा ढोसलं. रखवालदार काहीतरी पुटपुटत कचेरीत गेला. उघड्या दारातून आईला दिसलं, त्याने फोन उचलला होता.

"ही कशी आहे?" तो परत आल्यावर आईने विचारलं.

त्याने बरंच काही सांगितलं. मग लेक आईकडे वळली. "ऐकलंस ना? दोनदा परत आलीय. घंटा वाजली, फोन वाजला, दूध उतू गेलं, की येऊन ढोसते. उठेपर्यंत पिच्छा सोडत नाही. शेजाऱ्यांची घंटा वाजली तरी तेच. फ्लॅटला ही अजिबात चालायची नाही. वेड लागेल माणसाला."

"वेड लागेल," आई म्हणाली. "मला हीच हवी."

"आई, तक्ता मी कशासाठी केला?"

"तिचे डोळे चांगले आहेत."

"डोळे सगळ्यांचेच चांगले असतात. मी पगचा फॉर्म आणते."

रखवालदाराला काय वाटलं कोण जाणे, त्याने तपकिरीला सोडवून आईबरोबर भेटीच्या छोट्या खोलीत बसवलं. ती पळून जाऊ नये म्हणून आतून कडी लावा, असं खुणेने सांगून तो लेकीबरोबर गेला. आई बाकावर बसली. कुत्रीने तिचे बूट हुंगले, पिशवी हुंगली, आणि तिच्या पायांशी अंग टाकलं. आईने तिच्या मानेवर हात ठेवला. आता हिचा निरोप घ्यायचा आणि त्या झोपाळू पगला घेऊन घरी जायचं. तीन महिने कसेबसे ढकलायचे. पुढच्या खेपेला नळ नसेल, गॅस असेल.

हाताखालची मान ताठ झाली. कुत्री उठली. तिने आईच्या गुडघ्याला नाकाने ढोसलं.

"काय गं?"

ती दाराशी गेली, परत आली, पुन्हा ढोसलं. तिसऱ्यांदा अख्खं डोकं मांडीखाली घालून तिने आईचा पाय वर उचलला. आई उठली आणि तिने कडी काढली.

दारात लेक उभी होती. मूठ अजून हवेतच. मागे रखवालदार, घाबरलेला.

"किती वेळ ठोठावतेय! हाका मारल्या! झोपलीस काय आत?"

डुलकी लागली, हे शब्द आईच्या जिभेवर आले होते. चार वर्षांत असले शब्द तिला कधी कमी पडले नव्हते. तिने खाली पाहिलं. काम झाल्यासारखी कुत्री तिच्या पायांशी निवांत बसली होती.

"मला ऐकू येत नाही गं," आई म्हणाली.

रखवालदार हळूच निघून गेला. लेकीचे ओठ हलले. कधीपासून?

"चार वर्षं होतील. मी काही विसरले नव्हते. नळ ऐकू आला नाही." ती बाकावर बसली, आणि सुरुवात झालीच होती तर तिने सगळंच सांगून टाकलं. "तू इस्पितळातून फोन केलास ना, तेव्हा मला एक अक्षर कळलं नव्हतं. मी छान म्हणाले. मग कळलं, तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आईचं काळीज दगडाचं आहे असं तुला वाटू दिलं, पण बहिरी आहे हे कळू दिलं नाही. घर सुटेल म्हणून. आता न्यायचं तर ने मला. तुझा हक्क आहे."

लेक खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. तक्ता तिच्या मुठीत चुरगळला होता. तिचे खांदे हलत होते आणि गालाची कड हलत होती, म्हणजे ती काहीतरी बोलत होती. आईने जुन्या सवयीने परत म्हणायला तोंड उघडलं. म्हणायला काहीच नव्हतं. त्या दुपारीही नव्हतं.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं. "इकडे तोंड करून बोल, बाळा."

लेक वळली. तिने बाहीने डोळे पुसले, समोर येऊन गुडघ्यांवर बसली, ओठ नीट दिसतील इतकी जवळ. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "त्या दिवशी फोनवर सांगितलं होतं तेच. मुलगी होती, आई."

"मुलगी होती," आई म्हणाली.

लेकीने मान हलवली. मग तिने आईच्या मांडीवर डोकं टेकवलं, आणि आईने तिला खूप वेळ तसंच राहू दिलं. कुत्री एकदा उठली, लेकीचा कान हुंगून पुन्हा बसली.

नंतर लेकीने पगचं नाव खोडून त्याच फॉर्मवर तपकिरी कुत्रीचा पिंजरा क्रमांक लिहिला. पत्त्याच्या ओळीत तिने आईचा पत्ता घातला, चौथा मजला. रखवालदाराला तिने विचारलं की हिला खायला काय लागतं, आणि तो जे सांगत गेला ते सगळं ती आईकडे तोंड करून, सावकाश, परत म्हणत गेली.