रूपालीचा उजवा कान

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी, तपकिरी काचेची बाटली. आज माझ्यात खोबरेल तेल असतं, पण १९९६ साली मी कोल्हापुरातून जवळच्या गडमुडशिंगी गावी आले तेव्हा माझ्या पोटात अमॉक्सिसिलीनची कोरडी पूड होती. जंतू मारणारं औषध म्हणून कारखान्यात मला मोठा मान होता. मला वाटायचं, आपण घरात पाऊल टाकलं की दुखणं पळालंच.

मला घेऊन आल्या त्या बायडाबाई. त्यांची सहा वर्षांची नात रूपाली तापानं फणफणली होती आणि उजव्या कानावर हात दाबून रडत होती. डॉक्टर सरोजिनीबाईंनी कान तपासला, पोरीचं वजन केलं, त्यावरून माझ्या टोपणावर पेनानं खूण केली आणि बायडाबाईंना समोर बसवलं.

"आजी, पाणी उकळून गार करा आणि बाटलीवरच्या या रेघेपर्यंत घाला. दर वेळी हलवून, एवढं टोपण, दिवसातून तीनदा. सात दिवस. मधेच पोरगी बरी वाटली तरी थांबायचं नाही."

रूपालीचे वडील प्रसेनजीत फौंड्रीत जायचे, आई दीप्ती अंगणवाडीत. त्यामुळे औषधाचं काम आजीकडेच आलं. बायडाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला माठाशेजारी गारव्याला ठेवलं आणि प्रत्येक टोपणामागे भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढू लागल्या. मला हलवताना म्हणायच्या, "चल गं बाई, माझ्या लेकराला बरं कर." त्या हातांची ऊब मला अजून आठवते.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि रूपाली अंगणात लंगडी घालू लागली. तेवढ्यात शेजारच्या आक्का आल्या.

"बायडे, तुझी पोरगी तर उड्या मारतीया की! उरलेलं औशीद दे. आमच्या ज्ञानूला सर्दी झालीया."

"डॉक्टरीण सात दिस म्हणालीया, आक्का."

"ताप गेला न्हवं? मग ओतून टाकणार हाईस व्हय?"

प्रसेनजीतच्या जन्माच्या वेळी याच आक्कांनी बायडाबाईंचं महिनाभर सगळं केलं होतं. त्यांना नाही कसं म्हणायचं? बायडाबाईंनी मला उचलून त्यांच्या हातात दिलं. भिंतीवर नऊच रेघा होत्या.

आक्कांच्या घरी त्यांच्या नातवाला, ज्ञानूला, मी अंदाजानं पाजली गेले. त्याचं नाक वाहायचं काही थांबलं नाही. उलट पोट मात्र बिघडलं. दोन दिवसांनी बायडाबाई धापा टाकत दारात आल्या.

"आक्का, बाटली दे! रूपीला परत ताप आलाय. कानातनं पू येतोय."

पण आता मी जवळजवळ रिकामी झाले होते. मला पदरात धरून त्या घरी आल्या. दीप्ती नुकतीच कामावरून आली होती. बायडाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"दीप्ती, औशीद मीच देऊन टाकलं. माझ्यामुळं झालं हे."

दीप्तीनं लेकीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं सासूचा हात धरला. "चला आत्याबाई. डॉक्टरांना तुम्हीच सगळं सांगा. तुम्हाला ठाऊक हाय तेवढं मला न्हाई."

सरोजिनीबाई म्हणाल्या, "ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नसतं, आजी. उरलेल्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. कानाच्या पडद्याला बारीक भोक पडलंय. बहुतेक भरून येईल, पण औषध आता पुरं झालंच पाहिजे. आणि साध्या सर्दीवर हे औषध चालतच नाही. त्या मुलालाही घेऊन या, पोट बघते."

नवी बाटली आली. या वेळी बायडाबाईंनी एकही रेघ चुकवली नाही. एकवीस रेघा पुऱ्या झाल्या, पू थांबला, ताप गेला. पण उजवीकडून हाक मारली की रूपाली "आं?" म्हणायची, आणि त्या एका "आं?"नं आजीच्या हातातला घास तसाच राहायचा.

असे दोन महिने गेले. एका दुपारी रूपाली पाटीवर चित्र काढत बसली होती. बायडाबाई मागून हळूच आल्या, तिचा डावा कान तळहातानं झाकला आणि उजव्या बाजूला अगदी पुटपुटल्या, "रूपे, जांभळं खातीस?"

"कुठं हायती?" रूपाली गर्रकन वळली.

जांभळं नव्हतीच! बायडाबाई हसता हसता रडल्या आणि पदर डोळ्यांना लावून तशाच बाजारात निघाल्या.

मित्रांनो, मला घरी आणाल तर डॉक्टरांनी सांगितल्यावरच आणा. सांगितलेलं माप, सांगितलेले दिवस पाळा. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका, मग तो कितीही जिवलग असो. जंतूंशी लढायची ताकद माझ्यात आहे, पण ती लढाई पुरी करायला मला तुमच्यासारखं एखादं मायेचं, चिकाटीचं माणूस लागतं.