उसवलेल्या टिपा

ताई आयुष्यात कुणाला टाकून बोलली नव्हती. शिवणाच्या दुकानात धाकटी बहीण तिच्या शेजारच्या मशीनवर बसायची. धाकटीची टीप वाकडी गेली तरी ताई चकार शब्द काढत नसे. ती जेवायला उठली की ताई तो कपडा हळूच ओढून घेई, टीप उसवे, नव्याने घाली आणि घडी करून होता तिथे ठेवून देई. पोरीचं मन दुखायला नको, एवढाच हेतू. देवाने आपल्याला शांत स्वभाव दिला, याचं तिला मनातून समाधानही होतं.

म्हणून धाकटी जेव्हा म्हणाली, "सोमवारपासून मी कपड्यांच्या कारखान्यात जातेय," तेव्हा ताईची कात्री कापडातच थांबली.

"तिथला मुकादम तोंडाचा फटकळ आहे म्हणतात."

"असू दे. निदान काय चुकलं ते तोंडावर सांगेल."

घरी ताईने नवऱ्यापाशी मन मोकळं केलं. "मी तिला कधी काही बोलले का हो?"

"तेच तर," तो चहा गाळत म्हणाला. "मी चादरीची घडी घालतो, तू ती मोडून परत घालतेस. शेवटी मी घडी घालणंच सोडलं. तू म्हणतेस, आळशी."

"आळशी आहातच तुम्ही."

"आता आहे. मुळात नव्हतो."

तो हसला, पण ताईला हसू आलं नाही. अवघड गळा शिवायला आला की हल्ली धाकटी म्हणायची, "तूच कर, ताई." आपण त्याला अंगचोरपणा समजत होतो.

शनिवारी धाकटी मशीनचा खण रिकामा करू लागली, तशी ताई तिच्याजवळ येऊन बसली.

"माझं चुकलं गं. तुला सांगायला हवं होतं. पण तुझं काम मला आवडतं. किती छान शिवलंयस तू आजवर."

धाकटीचा हात थांबला. "काय छान शिवलं?"

"म्हणजे?"

"एक सांग. एखादी बाही, एखादी कॉलर. मी राहते."

ताई आठवू लागली. डॉक्टरीणबाईंचा कोट? त्याचा खिसा उसवला होता. शेजारच्या छोटीचा फ्रॉक? त्याचा घेर. एकेक कपडा डोळ्यांपुढे येई तो आपली चूक घेऊनच. टीप नेमकी कुठे सुटली होती, हे ताईने डोळे मिटून दाखवलं असतं. जे नीट होतं त्यावर मात्र तिची नजर कधी ठरलीच नव्हती.

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण खोटं तिच्या जिभेवर येईना.

"आठवत नाही गं."

धाकटीने मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं वाटलं असतं. "येते, ताई. जेवत जा वेळेवर," म्हणत तिने पिशवी खांद्याला लावली.

ताई दारात उभी राहिली. धाकटीने स्वतःच शिवलेलं हिरवं जाकीट तिच्या अंगात होतं. पाठीवरची शिवण मानेपासून कमरेपर्यंत सरळ उतरली होती, खांद्यावर कुठे चूण नाही की ओढ नाही.

हाक मारावी हे सुचेपर्यंत ती वळणाआड गेली होती.