चालू गान्यातून कोनी उठते का?

माझी भाची गार्गी, तिचं लग्न. मोताळ्याजवळचं आमचं गाव, मंडप शाळेच्या पटांगणात. नवरदेव सोहम नांदुऱ्याचा. मुहूर्त दुपारचा आणि वरात मारुतीच्या पाराशी अडलेली. तिथून मंडप दिसत होता, मंडपातून वरात दिसत होती, फक्त मधलं अंतर कमी होत नव्हतं.

कारण गाणं संपत नव्हतं. डीजेच्या गाडीवरून धुम-धुम-धुम-धुम. त्याला ना ध्रुपद, ना चरण, ना शब्द. मी जन्मभर कीर्तनात टाळ धरून उभा राहिलेला माणूस, माझ्या दाढा ठणकायला लागल्या.

गार्गीचे वडील रामराव, म्हणजे आमचे दाजी, घामाघूम होऊन आले. "उद्धव, मुहूर्त चालला! एकच पोरगी, अन् तिचं लग्न मुहूर्त टाळून लावू काय? जा, बंद करायले लाव त्याले."

डीजेवाला शेखर गाडीवरून वाकून म्हणाला, "आत्याबाईनं सांगतलं, गानं संपल्याशिवाय बंद करायचं नाई."

"मंग संपव ना बे!"

"मामा, हे संपायच्या जातीचं नाई. फिरून-फिरून तेच येते. तुमच्या कीर्तनात नाई का, एकच ओळ अर्धा-अर्धा तास?"

"त्यात देवाचं नाव असते!"

"यात कोनाचंच नाई. भांडन नाई."

आत्याबाई म्हणजे सोहमची आत्या कोकिळाबाई. पदर खोचून घोड्याच्या पुढ्यात नाचत होत्या. घोडाही आता ठेक्यावर पाय टाकत होता आणि वर सोहम फेटा सावरत हिंदकळत होता. मी गर्दीत शिरून हात जोडले. "आत्याबाई, चला आता, मुहूर्त जाते."

"मामासाहेब, तुमी कीर्तनातले मानूस. चालू गान्यातून कोनी उठते का? संपू द्या, येतो आमी."

"पन हे संपतच नाई!"

"म्हनूनच त नाचून राह्यलो!"

तिथं उभ्या-उभ्या माझाही पाय हलायला लागला, विठ्ठला! मग उमगलं. बुवा एकच चरण घोळवतात तेव्हा सुरुवातीला मन विचारत राहतं, पुढं काय, पुढं काय. विचारून थकतं, गप्प होतं आणि तिथून गोडी लागते. आत्याबाईंनी विचारणं केव्हाच सोडलं होतं. दाजी कसे सोडतील? त्यांच्या पुढं मुहूर्त होता.

मी गाडीकडं परतून शेखरच्या हातातून माईक घेतला आणि कीर्तनाच्या समाप्तीला करतात तसा पुकारा केला, "बोला, पुंडलिक वरदेऽऽ!"

सगळ्या वरातीचे हात वर गेले. "हाऽरि विठ्ठल!" नाचणारे जागच्या जागी थांबले. मी ऐटीत दाजींकडे पाहिलं.

पण सवय तेवढ्यावर थांबेना. कीर्तन संपल्यावर पडतात तसे लोक एकमेकांच्या पाया पडले. गॉगल लावलेला एक जण घोड्याच्या पाया पडला. मग सगळी वरात रस्त्याच्या दोन्ही कडांना मांडी घालून ओळीत बसली. शेखरही गाडीवरून उतरून पंगतीला लागला. वर यंत्र एकटंच चालू, धुम-धुम-धुम-धुम.

"प्रसाद येऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या.

दाजी कपाळाला हात लावून ओरडले, "उभे तरी होते बे, त्याईले बसवलं तू!"

"दाजी, प्रसादाबिगर हे उठत नाईत आता."

"मंग पोरीले आना इथंच!"

गार्गी आली, हार आले, अंतरपाट घेऊन गुरुजी पळत आले. सोहमला घोड्यावरून उतरवून पंगतीच्या मधोमध उभं केलं. गुरुजींनी मंगलाष्टक धरलं आणि दुसऱ्याच ओळीला त्यांची मान ठेक्यात डोलू लागली. कडवं संपलं की पुन्हा तेच कडवं.

"गुरुजी, मुहूर्त!" दाजी किंचाळले.

"सावधान!" गुरुजी दचकून म्हणाले.

अक्षता पडल्या. पंगतीतल्या काहींनी त्या प्रसाद म्हणून कपाळाला लावून खाल्ल्या. पण लग्न मुहूर्तावर लागलं.

दाजी पाराला टेकून बसले. थोड्या वेळानं शेखर उठला, गाडीवर चढला आणि त्यानं यंत्र बंद केलं.

दाजींचे डोळे मिटलेले होते, बोटं गुडघ्यावर ताल धरून चालली होती. ती अधांतरी थांबली.

"काऊन बंद केलं बे?" दाजी म्हणाले.