समुद्रापलीकडचा आवाज

"म्हणजे बोर्ड काढणार?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

मालक चष्मा पुसत होते. "काढावाच लागेल, बाई. परदेशी फोनच्या बिलानं कंबरडं मोडलंय. माझी लेक जावयाशी इंटरनेटवरून तासभर बोलते, दमडी लागत नाही. मग आपणच काय घोडं मारलंय?"

पाण्याचे पंप बनवणाऱ्या या कारखान्यात एकोणीस वर्षं बाई टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. बोर्ड गेला की आपणही गेलो, असं त्यांनी मनाशी धरूनच टाकलं.

घरी बहीण म्हणाली, "काढलंय का तुला? मग आत्तापासून कसलं रडतेस? शीक की ते इंटरनेटवरून बोलणं."

सोमवारी बाई हेडफोन चढवून संगणकासमोर बसल्या. सुरुवातीला आवाज तुटायचा, 'हॅलो, हॅलो' करण्यातच जीव जायचा. आठवड्याभरात हात बसला, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आता कुणी घड्याळ दाखवत नव्हतं. आजवर मालकांचा दंडक असायचा : भाव सांगा, तीन मिनिटांत आटपा. पंप कसा चालतोय, हे विचारायला सवडच नसायची.

मग त्यांनी तुटलेल्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावला. समुद्रापलीकडच्या बेटावरचा मेकॅनिक चार वर्षं गप्प होता.

"खाऱ्या पाण्यानं तुमच्या पंपाचं सील झिजतं, पाणी गळतं, बाई," तो म्हणाला. "मी सांगायला लागलो की तुम्ही म्हणायचात, ठेवते."

बाईंना ते लागलं. "आता सांगा. मी लिहून घेते."

तो चाळीस मिनिटं बोलला. बाईंनी भरलेली दोन पानं मालकांपुढे ठेवली. मालकांनी ती दोनदा वाचली, कारागिरांना बोलावलं, आणि महिन्याभरात नव्या सीलचा पंप बेटावर रवाना झाला.

"बाई, बाहेरची गिऱ्हाइकं आता तुमच्याकडे," ते एवढंच म्हणाले.

पुढच्या फोनला मेकॅनिकच्या नातीनं कॅमेरा लावून दिला. आवाजावरून बाईंना तो दांडगा गडी वाटायचा. समोर होता पिकल्या केसांचा, किडकिडीत म्हातारा. मागे पंप चालू होता, पाण्याची धार टाकीत पडत होती.

"चालतोय बघा," तो म्हणाला. हात पुसून त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

बाई नकळत उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा कॅमेऱ्याच्या वर निघून गेला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. टाकी भरेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.