देवाजीभाऊंनी निवडलेला गाळ

समुद्र काहीही विसरत नाही.

संघप्रिया रामटेकेच्या शोधनिबंधाचं हे पहिलं वाक्य. निबंध तपासणाऱ्या परीक्षकानं त्या वाक्यासमोर एकच शब्द लिहून तो परत पाठवला: कशावरून?

प्रश्न रास्त होता. संघप्रिया गोव्यातल्या एका संस्थेत समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करते. जहाजातून खोल पाण्यात लांब पाइप सोडायचा, तळाचा गाळ थरांसकट वर आणायचा आणि कुठल्या काळात पाऊस कसा पडला ते त्यावरून सांगायचं, असं हे काम आहे. गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या गाळात तिला एक फिकट थर सापडला होता. तिच्या मते तीनेकशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या पिढीनं धड पावसाळा पाहिला नव्हता, त्याची ती खूण. परीक्षकाच्या मते नदीनं नुसतं मुख बदललं असेल. तो म्हणाला, नदीचं पाणी जिथून येतं तिथला त्याच काळाचा पुरावा आणा. संघप्रियाची नेमणूक कंत्राटी होती आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपत होती. निबंध छापून आल्याशिवाय पुढची मिळणार नव्हती.

नदीचं पाणी कुठून येतं हे तिला शोधावं लागलं नाही. त्याच पाण्यात ती पोहायला शिकली होती. चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळ, आमच्या गावात, गोंड राजांच्या वेळचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहे आणि त्याचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं. त्याच्या कडेचा गाळ लोक दर उन्हाळ्यात काढतात आणि धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेतांत, टाकतात. मधला डोह कोणाच्या आठवणीत आटला नव्हता, त्यामुळे त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे जगात कुठं हा पुरावा असेलच तर तो तिच्या बापाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

हिवाळ्यात ती आली, डोंग्यातून डोहात जाऊन तळाचा थोडा गाळ काढून पाहिला आणि खूश झाली. मग तिनं ग्रामपंचायतीत सगळं समजावून सांगितलं. हा गाळ तीनशे वर्षांचा आहे, थरावर थर बसलेला आहे, मी मे महिन्यात पाइप घेऊन येते, तोवर त्याला कोणी हलवू नका. सरपंच अतुलनं शाल दिली, टाळ्या झाल्या. घरी जाताना गावानं हिशेब केला. कडेच्या एका वर्षाच्या गाळावर धान एवढं येते, तं तीनशे वर्षांच्या गाळावर केवढं येईल.

एप्रिलमध्ये डोह पहिल्यांदाच आटला, आणि त्याच आठवड्यात तालुक्याहून गाळ काढायची जेसीबी आली. योगायोग होता, आमच्याकडे सरकारी मशीन वेळेवर येते तेव्हा तो योगायोगच असतो.

तिचे वडील देवाजीभाऊ पंचायतीत जाऊन भांडले. अतुल म्हणाला, भाऊ, मशीन थांबवली तं पुढच्या गावाले जाते, मग मी लोकांले काय सांगू. भाऊंनी पोरीला फोन लावला. ती जहाजावर होती, आणि जिथं ती होती तिथं फोन लागत नाही. शेवटी देवाजीभाऊ भर उन्हात डोहात उतरून उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, सगळं न्या, पण एक ट्रॉली माझ्या अंगणात. पोरीचं काम आहे. ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं अगदी तळातला, काळाभोर गाळ दिला.

देवाजीभाऊंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी सारा जन्म मूलच्या एका राईस मिलमध्ये तांदळाची प्रत तपासली. खडा, कोंडा, कणी, काडी. तळहातावर घेतलेल्या तांदळाकडे ते असं बघत की व्यापारी आपणहून भाव उतरवत. घरच्या भातात खडा लागलेला संघप्रियाला आठवत नाही.

मे महिन्यात ती आली. चंद्रपूरहून भाड्यानं घेतलेल्या जीपच्या टपावर पाइप बांधलेला होता आणि गाडी जीपवाला आकिब चालवत होता. ती आधी तलावावर गेली. डोहाच्या जागी पिवळी जमीन होती आणि तिच्यावर मशीनच्या दातांच्या रेघा. मग ती घरी आली.

पडवीत नवे कोरे कट्टे, तांदळाची पोती असतात तसे, ओळीनं लावलेले होते, तोंडं सुतळीनं शिवलेली.

"तुया गाळ," देवाजीभाऊ म्हणाले.

मग भाऊंनी सगळं सांगितलं. गाळ वाळवला, ढेकळं फोडली, मग चाळला, आणि चाळल्यावर दोघा नवराबायकोनं सुपात घेऊन निवडला. तिच्या आईची, कमलाबाईंची, बोटं अजून काळी होती. त्यांचं म्हणणं, पोरगी एवढ्या दुरून येते, तिले कचरा काऊन द्यायचा?

"एक काडी सापडली तं सांग," भाऊ म्हणाले.

गोव्याला गेल्यापासून संघप्रिया घरीसुद्धा पुस्तकातली मराठी बोलायची. त्या दिवशी नाही.

"काड्या कुठी आहेत बाबा?"

"काऊन?"

"काड्या, पानं, शंख. निघाले असतीन ना?"

"लय निघाले. काड्या तुया मायनं चुलीत घातल्या. शंख रंभाच्या कोंबड्यांले दिले."

ती "बरं" म्हणाली आणि हात धुवायला गेली. जेवणात तिला भात छान झाल्याचं दोनदा सांगावं लागलं.

खरं काय ते देवाजीभाऊंना आकिबकडून कळलं. येताना वाटेत तिनं त्याला कामाची सगळी रीत सांगितली होती. तो सहज बोलून गेला की काका, गाळाचं वय त्या काड्या-शंखांवरूनच काढतात म्हणे, आणि थर एकात एक मिसळले की संपलं. भाऊ उठून शेजारी रंभाबाईंच्या अंगणात गेले आणि कोंबड्यांना हाकलून जमिनीवर बसले.

परत आले ते स्टीलची ताटली घेऊन. तिच्यात शंखांचे तुकडे होते. मोठे एकीकडे, बारीक एकीकडे. कणी वेगळी.

"एवढ्यात होईल का?"

"नाई बाबा."

"मले वाटलं, साफ पाह्यजे."

"चांगला साफ केला तुम्ही," ती म्हणाली. ती पोटातून बोलली की नाही हे कमलाबाईंनाही ओळखता आलं नाही, आणि त्यांना तिचं सगळं ओळखता येतं.

निघताना तिनं कट्टे जीपमध्ये घालायला सांगितले. पाइप टपावर रिकामाच बांधला. आकिबनं विचारलं की मॅडम, याचं तिथं काय करणार, तर ती म्हणाली, बाबा बघून राह्यले, तू भर.

देवाजीभाऊ जीपच्या खिडकीशी उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हलका माल पास केल्यासारखा त्यांचा चेहरा होता. बाकीचा गाळ गावाच्या बांध्यांत पडला होता, पावसाची वाट बघत.

"पाऊस लागला का तो वाहूनच जाईल," ते म्हणाले. "नाल्यातून उमा नदीत, मंग वैनगंगेत, मंग गोदावरीत. तुया समुद्रातच येईल ना?"

"येईल."

"मंग तिथी पाह्य. मी नाई निवडत आता."

ती हसली आणि जीप निघाली. गोव्याला पोचून तिनं निबंधातलं पहिलं वाक्य काढून टाकलं. नेमणूक ठरल्या तारखेला संपली.

वैनगंगेवर मधेच बॅरेजचा बंधारा आहे. गाळ तिथंच बसतो.